वाचनालयात मुलांची विज्ञान कार्यशाळा : पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

वाचनालयात मुलांसाठी विज्ञानाचे काहीतरी करावे, असे निवृत्त शिक्षकांना, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आणि कित्येकदा खुद्द ग्रंथपालांनाही वाटत असते. अडते ते सुरुवातीपाशी. कोणाला विचारायचे, किती मुले बोलवायची, काय करवून घ्यायचे आणि सामान कुठून आणायचे, याचा अंदाज नसल्यामुळे बहुतेकांची धाव एखाद्या पाहुण्याला बोलावून प्रयोग दाखवण्यापुरतीच राहते. एकाने मंचावर प्रयोग करायचे आणि साठ मुलांनी टाळ्या वाजवायच्या, हा कार्यक्रम झाला. त्याला कार्यशाळा म्हणता येणार नाही. कार्यशाळेत वस्तू प्रत्येक मुलाच्या हातून तयार व्हावी लागते, बिघडावी लागते आणि त्यानेच ती दुरुस्त करावी लागते. पुढच्या सगळ्या सूचना या एका अटीतून निघालेल्या आहेत.

या कामात वाचनालयाला शाळेपेक्षा मोठी सवलत आहे. तिथे परीक्षा नाही, तुकड्या नाहीत आणि अमुक धडा अमुक तारखेपर्यंत संपवण्याची सक्तीही नाही. चौथीतला मुलगा सातवीतल्या मुलीशेजारी बसू शकतो, प्रयोग फसला म्हणून कोणाचे गुण कापले जात नाहीत आणि प्रश्न पडलाच तर पुस्तकांचे कपाट दहा पावलांवर असते.

आधी संस्थेची संमती

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला, तरी गावोगावची वाचनालये मुख्यतः स्थानिक संस्थाच चालवतात. शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान मिळते आणि कारभार संस्थेचे कार्यकारी मंडळ पाहते. म्हणून अर्ज कार्यवाहांच्या नावे करावा आणि तो एका पानापेक्षा मोठा नसावा. विषय, तारीख, वेळ, मुलांची संख्या, लागणारी जागा, होणारा खर्च आणि तो कोण करणार, एवढे त्यात पुरे. मंडळाला तीन शंका हमखास येतात : पुस्तकांवर पाणी सांडेल, गोंगाटामुळे वाचकांच्या तक्रारी येतील आणि मुलाला काही लागले तर जबाबदारी कोणाची. या तिन्हींची उत्तरे अर्जातच लिहून टाकली की मंजुरी पुढच्या बैठकीवर ढकलली जाण्याची शक्यता कमी होते.

अर्ज देण्यापूर्वी ग्रंथपालांशी आणि शिपायांशी निवांत बोलून घ्यावे. कोणते टेबल डगमगते, पंख्याचा वारा कुठे लागतो, सभागृहाची किल्ली कोणाकडे असते आणि नळाला पाणी कधी येते, ही माहिती कोणत्याही इतिवृत्तात सापडत नाही, पण कार्यशाळा तिच्यावरच चालते.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी. आपल्या वाचनालयांना व्याख्यानमालांची जुनी आणि चांगली परंपरा आहे; परंतु तिच्याबरोबर दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि आभारप्रदर्शन हेही येते, आणि दीड तासांपैकी निम्मा वेळ त्यात जातो. मुलांच्या समोर सामान ठेवलेले असताना त्यांना भाषण ऐकवणे हा मुलांवर आणि वक्त्यावर, दोघांवरही अन्याय आहे. अध्यक्षांना यायचे असेल तर त्यांनी अवश्य यावे, मात्र मुलांच्या शेजारी बसून एखादी वस्तू तयार करायला यावे, अशी नम्र विनंती करावी. बहुतेक जण ती आनंदाने मान्य करतात.

वेळ, जागा आणि मुलांची संख्या

पुष्कळ वाचनालये दुपारी काही तास बंद असतात. वृत्तपत्रे वाचायला येणारी ज्येष्ठ मंडळी सकाळी आणि संध्याकाळी येतात. त्यामुळे रविवारची दुपार सर्वांच्या सोयीची ठरते. त्यासाठी कोणाला तरी सुट्टीच्या वेळात कुलूप उघडावे लागेल, हे लक्षात ठेवून ती व्यवस्था विनंतीने आणि लेखी करावी. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत मुले सहज मिळतात. राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला, ग्रंथपाल दिन १२ ऑगस्टला आणि अभियंता दिन १५ सप्टेंबरला असतो. या दिवशी कार्यशाळा घ्यायला हरकत नाही, पण सुरुवात त्या दिवशी करू नये. दिनविशेषाला सुरू झालेला उपक्रम पुढच्या वर्षीच्या दिनविशेषापर्यंत झोपतो. दर महिन्याचा दुसरा रविवार, अशी साधी ठरलेली वेळ अधिक उपयोगी पडते.

पहिल्या वेळी सोळापेक्षा जास्त मुले घेऊ नयेत. चार टेबले, प्रत्येकी चार मुले आणि दोन टेबलांमागे एक मदतनीस, असा हिशेब ठेवावा. चौथी ते सातवीचा गट सुरुवातीला सोयीचा असतो : या मुलांना कात्री धरता येते, मोजपट्टी वापरता येते आणि चुकीचे उत्तर देण्याची लाज अजून फारशी वाटत नसते. नावनोंदणी देवघेवीच्या खिडकीवरच ठेवावी आणि पालकांचा फोन क्रमांक, छायाचित्र काढण्यास त्यांची संमती एवढेच विचारावे. वाचनालयाचे सभासदत्व ही प्रवेशाची अट करू नये. सभासद होण्याचा अर्ज मात्र त्या दिवशी दाराशी ठेवावा.

पहिला विषय : कागदाचा पूल

नवख्याने पहिल्या कार्यशाळेसाठी असा विषय निवडावा, ज्यात वीज, पाणी, आग आणि धारदार हत्यार यांपैकी काहीही नाही, ज्याचे सामान संपले तरी अर्ध्या मिनिटात आणता येते आणि ज्याला एकच एक बरोबर उत्तर नाही. कागदाचा पूल या सगळ्यांत बसतो, आणि त्याचे खांब वाचनालयातच मिळतात. रद्दीत जाण्याच्या वाटेवर असलेले जुने दिवाळी अंक घेऊन सारख्या उंचीच्या दोन थप्प्या कराव्यात आणि त्यांच्यामध्ये बरोबर २० सेंटीमीटर अंतर ठेवावे. प्रत्येक मुलाला ए-४ आकाराचा एकच कोरा कागद द्यावा. भार म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून एकाच मापाचे लोखंडी वायसर आणावेत. नाणी चालतात, पण एकाच किमतीची जुनी आणि नवी नाणी वजनाला सारखी नसल्यामुळे मोजणीत घोळ होतो.

नियम फळ्यावर लिहावेत : कागद एकच, अंतर २० सेंटीमीटर, वायसर मधोमध ठेवायचे, पहिल्या फेरीत डिंक किंवा चिकटपट्टी नाही. मग प्रत्येकाने आपला पूल किती वायसर पेलेल, याचा अंदाज वहीत लिहायचा. ही पायरी गाळू नये. अंदाज लिहिला नसेल तर निकाल पाहिल्यावर प्रत्येकालाच "मला माहीत होतं" असे वाटते आणि विचार करण्याची संधी निघून जाते.

सपाट ठेवलेला कागद स्वतःच्याच वजनाने वाकतो आणि थोड्याशा भाराने खाली बसतो. इथे आयोजकाने काहीही सुचवू नये. दोन-तीन मिनिटांत कोणीतरी कागदाची घडी घालतो, कोणी कडा वर वळवून पन्हळ करतो, कोणी नळी करतो, आणि थोड्या वेळाने एखाद्या टेबलावर पंख्यासारख्या चुण्या दिसू लागतात. तोच कागद आता कितीतरी जास्त भार घेतो, कारण वाकण्याला होणारा विरोध जाडीवर, म्हणजे उभ्या उंचीवर, फार अवलंबून असतो आणि चुण्यांमुळे कागदाला ती उंची मिळते. मात्र भार वाढत गेला की चुण्या बाजूला पसरू लागतात. याच क्षणी मुलांना थांबवून वाकून पाहायला सांगावे : पूल नेमका कुठून मोडतो आहे? चुण्या मधे पसरतात, का टोकाशी घसरतात, का एकच चुणी आधी मुडपते? दुसऱ्या फेरीत चिकटपट्टीचे दोनच तुकडे द्यावेत आणि ते कुठे लावायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्या मुलांनी नीट पाहिलेले असते, ती पट्टी पसरणाऱ्या चुण्या बांधून ठेवायला वापरतात. बाकीची सगळीकडे थोडी थोडी लावतात. अभियांत्रिकीतला विचार म्हणजे काय, हे याहून स्वस्तात शिकवता येणार नाही.

शेवटची वीस मिनिटे गावातल्या पुलांवर बोलावे. ओढ्यावरची मोरी, दगडी कमानीचा जुना पूल, रेल्वेचा लोखंडी सांगाडा, यांपैकी काय काय मुलांनी पाहिले आहे ते विचारावे. कोकणातल्या मुलांना रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवलचा पूल ठाऊक असतो. त्याची उंची ६४ मीटर आहे, हे सांगून ती वाचनालयाच्या इमारतीच्या किती पट होते ते त्यांनाच काढू द्यावे. मोठी मुले पूल पडतात का, असेही विचारतात. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि वाहने वाहून गेली, हे त्यांच्या कानावर आलेले असू शकते. हा प्रश्न टाळू नये. पूल वरच्या भारानेच पडतो असे नाही, पुराच्या पाण्याचा मारा आणि पायाखालची माती वाहून जाणे यांचाही त्यात वाटा असू शकतो, एवढे शांतपणे सांगता येते.

दुसरा विषय : विजेची साधी मोटार

पहिल्या कार्यशाळेत शिस्त बसली की मोटार घ्यावी. तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. २२ किंवा २४ गेजची इनॅमल लावलेली तांब्याची तार मागावी. एका वेटोळ्याला सुमारे पाऊण मीटर तार लागते, त्यामुळे फुकट जाणारे तुकडे धरूनही शंभर ग्रॅम तार सोळा मुलांना पुरते. याशिवाय प्रत्येकी टॉर्चचा मोठा १.५ व्होल्टचा सेल, दोन मोठ्या सेफ्टी पिना, एक काळा फेराइट चुंबक, सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेले रबराचे कडे आणि बोटभर पॉलिश पेपर लागतो. ट्यूब पंक्चरवाल्याकडे मागितली तर सहसा पैसे पडत नाहीत.

तार जाड मार्कर पेनभोवती दहा वेळा गुंडाळावी, दोन्ही टोके समोरासमोर सरळ बाहेर काढावीत आणि वेटोळे सुटू नये म्हणून त्याच टोकांचा एकेक वेढा त्याला द्यावा. सेलच्या दोन्ही टोकांना पिना रबराच्या कड्याने घट्ट बसवाव्यात, पिनांची भोके वर राहतील असे पाहावे आणि चुंबक सेलच्या अंगावर मधोमध ठेवावा. सेलचे कवच पोलादी असल्याने तो आपसूक चिकटतो. वेटोळ्याची टोके त्या भोकांत ओवली की मांडणी पूर्ण होते.

आता खरी मेख. तारेवरचे इनॅमल विजेला अडवते, म्हणून ते घासून काढावे लागते. परंतु दोन्ही टोके सारखी घासायची नाहीत. एक टोक सर्व बाजूंनी चकचकीत करावे. दुसरे टोक टेबलाच्या कडेवर सपाट धरून फक्त वरच्या बाजूने घासावे आणि खालच्या बाजूचे इनॅमल तसेच ठेवावे. यामुळे अर्ध्या फेरीत वेटोळ्यातून वीज वाहते, ते चुंबक बनते आणि ढकलले जाते. उरलेल्या अर्ध्या फेरीत वीज तुटते आणि वेटोळे मिळालेल्या गतीने पुढे जाते. दोन्ही टोके पूर्ण घासली तर वेटोळे थोडे हलून एका जागी अडकून बसते. हे आधी सांगून टाकण्यापेक्षा दोन मुलांना मुद्दाम दोन्ही टोके पूर्ण घासू द्यावीत आणि मग सर्वांनी मिळून दोन्ही प्रकारच्या मोटारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

मोटार पहिल्या झटक्यात फिरत नाही, हे गृहीत धरावे. बहुतेक वेळा इनॅमल पुरते निघालेले नसते, वेटोळे एका बाजूला जड झालेले असते, पिन सेलला नीट टेकलेली नसते, चुंबक दूर असतो किंवा सेलच उतरलेला असतो. ही कारणे या क्रमाने कागदावर लिहून प्रत्येक टेबलावर ठेवावीत आणि "सर, माझी फिरत नाही" असे म्हणणाऱ्याला त्या कागदाकडे पाठवावे. एक हलकी टिचकी मारून सुरुवात करून द्यावी लागते, हेही त्यात लिहावे. वेटोळे न फिरता तसेच जोडून ठेवले तर सेल आणि तार तापतात. म्हणून मोटार थांबली की वेटोळे काढून ठेवण्याची सवय लावावी.

या कार्यशाळेत सांगण्याजोगी एक खरी गोष्ट आहे. विजेच्या साहाय्याने सतत फिरणारी पहिली रचना १८२१ मध्ये लंडनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी करून दाखवली. ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार होते आणि बांधायला आलेली पुस्तके वाचता वाचता विज्ञानाकडे वळले. ग्रंथालयातल्या मुलांना ही हकीकत सांगताना बांधणीला गेलेल्या जुन्या पुस्तकांचा ढीग शेजारीच असतो, ही सोय शाळेला नाही.

पुढच्या महिन्यांचे विषय

कल्पनांचा तुटवडा पडणार नाही. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात अरविंद गुप्ता यांनी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगपेटीतल्या काड्या जोडून भूमितीच्या आकृत्या करण्याची युक्ती रूढ केली. पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासूनची असंख्य खेळणी मुलांपर्यंत नेली आणि त्यांची कृती मराठीसह अनेक भाषांत मोफत उपलब्ध करून दिली. काड्यांचा चौकोन डुगडुगतो आणि त्रिकोण डुगडुगत नाही, एवढ्यावर एक पूर्ण दुपार निघते. मुंबईत मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करीत आहे आणि मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. दोन्हींचे साहित्य आयोजकाने चाळावे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य सावलीचा दिवस पकडावा : मे महिन्यात महाराष्ट्राच्या दक्षिण भागात सुरुवातीला, मुंबई-पुण्याकडे मध्यास आणि नागपूरकडे अखेरीस एके दिवशी भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या सुमारास हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढग काही दिसू देत नाहीत. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, केवळ सावलीकडे पाहायचे, हे मात्र मुलांकडून आधीच कबूल करून घ्यावे.

पाण्याचे प्रयोग अंगणात किंवा गच्चीवरच घ्यावेत. पुस्तकांच्या दालनात पाण्याची बादली येता कामा नये, हा नियम संस्थेने घालून द्यायची वाट पाहू नये.

सुरक्षितता

घरातली वीज कोणत्याही प्रयोगात वापरू नये; सेलवर होईल तेवढेच करावे. मोबाइलच्या जुन्या बॅटऱ्या मुलांच्या हाती देऊ नयेत, त्या पेट घेऊ शकतात. छोटे, अतिशय जोरकस चुंबक आणि गोळीएवढे बटण सेल कार्यशाळेत आणूच नयेत, कारण ते गिळले गेल्यास जिवावर बेतते आणि बरोबर आलेले धाकटे भावंड टेबलाखाली काय उचलते यावर कोणाचेच लक्ष नसते. कटर फक्त मोठ्यांनी वापरावा. प्रथमोपचाराची पेटी टेबलावर दिसेल अशी ठेवावी आणि जवळच्या डॉक्टरांचा क्रमांक तिच्या झाकणावर चिकटवावा.

प्रत्यक्ष चालवताना

आदल्या रविवारी मदतनिसांकडून तोच प्रयोग त्याच सामानाने करवून घ्यावा. मोठ्यांना जिथे अडते, तिथेच मुलांना अडते. कार्यशाळेच्या वेळी मदतनिसांनी हात पाठीमागे बांधून फिरावे. बोलून मदत करावी, पण मुलाच्या हातातली वस्तू आपल्या हातात घेऊ नये. हे वाटते त्यापेक्षा पुष्कळ कठीण असते, विशेषतः अभियंत्यांना. पालकांच्या बाबतीत तर याहून कडक व्हावे लागते. मुलाचा पूल पडला की आईचा किंवा बाबांचा हात आपोआप पुढे येतो, म्हणून पालकांची बसण्याची सोय वृत्तपत्रांच्या दालनात करावी आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्यांना आत बोलावून मुलांकडूनच समजावून घेऊ द्यावे.

मिश्र गटांत पक्कड कोणाच्या हातात आहे, याकडे लक्ष ठेवावे. मुलगे जोडणी करतात आणि मुली नावाची पट्टी रंगवतात, अशी वाटणी कोणी न सांगताही होते. प्रत्येकाला स्वतंत्र संच दिला की हा प्रश्न बहुतांशी सुटतो. खर्च थोडा वाढला तरी चालेल.

पुस्तकांशी सांधा

कार्यशाळेच्या आदल्या दिवशी ग्रंथपालांकडून त्या विषयाची पुस्तके काढून घ्यावीत. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई पद्धतीने मांडणी असेल तर पूल ६२४ मध्ये, वीज ५३७ मध्ये आणि चुंबकत्व ५३८ मध्ये सापडते. जोडीला विश्वेश्वरय्यांसारख्या अभियंत्याचे चरित्र असावे, कारण खडकवासल्याच्या धरणाला १९०३ मध्ये बसवलेले त्यांचे स्वयंचलित दरवाजे ही आपल्याच मुलखातली गोष्ट आहे. ही पुस्तके प्रयोगाच्या टेबलावर नव्हे, तर बाहेर जाण्याच्या वाटेवर वेगळ्या टेबलावर मांडावीत आणि देवघेवीची खिडकी कार्यशाळा संपल्यावर अर्धा तास उघडी ठेवावी. हातात फिरणारी मोटार असलेले मूल विजेवरचे पुस्तक स्वतःहून उचलते. सोमवारी या म्हटले तर येत नाही.

संपल्यानंतर

त्याच दिवशी एका वहीत मुलांची संख्या, खर्च, कुठे अडले आणि त्या दिवशी किती पुस्तके घरी गेली, एवढ्या चार नोंदी कराव्यात. कार्यकारी मंडळाला आणि वार्षिक अहवालाला याच नोंदी लागतात, आणि पुढच्या वर्षी खर्चाची तरतूद मागताना छायाचित्रांपेक्षा त्या अधिक कामी येतात. सेल पिनांपासून सोडवून वेगळ्या डब्यात ठेवावेत, चुंबक संगणकाच्या हार्ड डिस्कपासून दूर ठेवावेत आणि पावसाळ्यापूर्वी वायसर, पिना तेलाचा हात लावून बंद डब्यात भराव्यात, नाहीतर जुलैच्या कार्यशाळेला गंज घासण्यातच पहिला अर्धा तास जातो.